आधी प्रश्नावली मागा, मग टक्केवारी छापा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नगरपालिकेच्या पाणी-मीटर योजनेचं जनसंपर्काचं काम तुमच्या एजन्सीकडे आलंय. व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरवलेल्या फॉर्मला दहा हजारांवर उत्तरं आलीत, 'बहुतेक नागरिकांचा मीटरला पाठिंबा' अशी प्रेस नोट चार दिवसांत हवी आहे. आणि मूळ प्रश्न मागितले की क्लायंटकडून 'ते अंतर्गत आहे' असं सांगतात, मग काय करायचं, हा तुमचा प्रश्न. हे सगळं मी दुसऱ्या एका शहरात भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी संख्याशास्त्र शिकलेली नाही, आणि माझा अनुभव पाणी, कचरा, बससेवा अशा कामांचा आहे. साबण-बिस्किटांच्या बाजारात काय चालतं ते तिथली माणसं सांगतील.

दहा हजारांच्या आकड्याला भुलू नका. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. लँडनना फक्त दोन राज्यं मिळाली, रूझवेल्ट निवडून आले. नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून काढली होती, आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटार परवडणारे कोण, हे उघड आहे. आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या साधारण ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. आज प्रमाण वाढलं असेल. पण पाणी भरतं कोण आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉर्म भरतं कोण, एवढं तरी विचारा.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. आमच्याकडे सर्व्हे घरोघरी जाऊन झाला होता, फील्डची टीमही चांगली होती. घात केला तो अहवालावर बसून राहिलेल्या ऑफिसने. आम्हाला चार स्लाइडचा सारांश मिळाला. 'मीटरबद्दल काय काळजी वाटते' या तक्त्यात पाण्याचा दाब, मीटरची किंमत, रीडिंगमधल्या चुका, आणि सगळ्यात खाली 'इतर'. त्या 'इतर'ची पट्टी बऱ्यापैकी लांब होती. त्यात लोक नेमकं काय म्हणाले ते द्या, म्हणून मी पत्रं लिहिली, फोन केले, खुर्चीसमोर जाऊन बसले. उत्तर ठरलेलं: फाइल वर गेली आहे.

तोवर वरून ठरलेला प्रचार सुरू झाला. 'शुद्ध पाणी, चोवीस तास' अशी पोस्टरं, रिक्षावरचे भोंगे, पथनाट्यं. प्रभागसभांत मात्र लोक एकच विचारत होते: वाड्यात नळजोड एक आणि बिऱ्हाडं आठ, बिल कुणाच्या नावाने येणार? घरमालकाने भाड्यात वाढवून लावलं तर दाद कुठे मागायची? पूर्ण अहवाल हातात आला तेव्हा प्रचाराचे पैसे संपले होते, आणि हीच वाक्यं, लोकांच्याच शब्दांत, त्या 'इतर'मध्ये पडून होती. पाहणी करणाऱ्या मुलींनी उन्हात फिरून ती लिहून आणली होती. त्या ऑफिसने ती वेळेत दिली असती तर आम्ही पहिल्या दिवशी बिलाबद्दल बोललो असतो. मला आजही याचा राग येतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की टक्केवारी नंतर बघा. आधी तीन गोष्टी लेखी मागा: मराठी प्रश्नावली जशीच्या तशी, माणसं कशी निवडली, आणि खुल्या, म्हणजे पर्याय न देता विचारलेल्या, प्रश्नांची मूळ उत्तरं. 'चोवीस तास शुद्ध पाणी मिळणार असेल तर मीटरला तयार आहात का?' असा प्रश्न असेल तर त्याला नाही कोण म्हणणार? घरोघरी फिरले असतील तर दार उघडणाऱ्यालाच विचारलं का, तेही बघा. घरातल्या मोठ्या माणसांपैकी कुणाशी बोलायचं हे ठरवायला किश ग्रिड नावाचा तक्ता असतो. तो वापरला नसेल तर दुपारी घरी असणारेच नमुन्यात भरतात. चारशे माणसांना विचारलं तर टक्केवारी सुमारे पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, हे गणित यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडीचं आहे, ते ग्रुपवरच्या फॉर्मला लावता येत नाही.

हे मिळालं नाही तर प्रेस नोटमधून टक्केवारी काढा आणि 'ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यांपैकी' एवढंच लिहा. वार्ताहर 'किती जणांना, कुठे, काय विचारलं?' असं विचारतोच. उत्तर नसेल तर दुसऱ्या दिवशी बातमी सर्व्हेची होते, योजना बाजूला पडते. क्लायंट चिडेल, कदाचित काम जाईल. तुमच्या नोकरीची परिस्थिती मला माहीत नाही, त्यामुळे किती ताणायचं ते तुम्हीच ठरवा.

पैसे थोडे असतील तर मोठ्या सर्व्हेपेक्षा पाच-सहा गटचर्चा घ्या. भाडेकरू बायकांची वेगळी, घरमालकांची वेगळी. एकत्र बसवलंत तर भाडेकरू तोंड उघडणार नाहीत. 'मीटर हवा का' यापेक्षा 'बिल कसं आकारणार हे तुम्हाला ठाऊक आहे का' हा प्रश्न प्रचाराला जास्त उपयोगी पडतो. तोच प्रश्न मोहिमेआधी आणि नंतर विचारा, म्हणजे मोहिमेने काय बदललं ते कळेल. प्रसिद्धीची किंमत दाखवायला कात्रणांचे सेंटिमीटर मोजून जाहिरातीच्या दराने गुणायचं बंद करा. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी २०१०मध्येच ती पद्धत नाकारली, तरी आपल्याकडे अहवालांत ती अजून दिसते.

प्रश्नावली मिळाली तर क्लायंटचं आणि गावाचं नाव खोडून इथे टाका. प्रश्नांची भाषा बघून सांगते.