मीटरचा आकडा कितपत खरा?

प्रश्न : एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर माझा मल्टिमीटर १२.६१ दाखवतो, मित्राचा १२.४८. मॉडेल एकच. चुकतोय कोण?

उत्तर : कदाचित कोणीच नाही. पुस्तिकेत डीसी व्होल्टपुढे ±(०.५% + ३) असं काहीसं छापलेलं असेल. दुकानदार टक्का सांगतो आणि ‘+३’ गिळतो. टक्का काढायचा दिसणाऱ्या आकड्यावर. ३ म्हणजे डिस्प्लेवरच्या शेवटच्या अंकाचे तीन काउंट. ६००० काउंटच्या, म्हणजे ५९९९ पर्यंत आकडा दाखवणाऱ्या मीटरवर ६० व्होल्टच्या रेंजला शेवटचा अंक ०.०१ चा. १२.६१ चे ०.५% म्हणजे ०.०६३, त्यात ०.०३, झाले सुमारे ०.०९. तुमच्या मीटरनुसार खरं व्होल्टेज १२.५२ ते १२.७०, मित्राच्या मीटरनुसार १२.३९ ते १२.५७. प्रत्यक्षात १२.५५ असेल तर दोघेही हिशेबात बसतात.

हीच बॅटरी ६०० च्या रेंजवर लावलीत तर शेवटचा अंक ०.१ चा होतो, ‘+३’ चे ०.३ होतात आणि फरक ०.३६ वर जातो. आकडा मावेल ती सगळ्यात लहान रेंज घ्या.

प्रश्न : मे महिन्यात अकोल्यात शेडमध्ये ४० अंशांत काम करतो. फरक पडतो का?

उत्तर : चांगलाच. छापलेली अचूकता बहुधा १८ ते २८ अंश सेल्सिअससाठी असते, तीही कॅलिब्रेशननंतर (प्रमाणित मापाशी मीटर जुळवून घेतल्यानंतर) वर्षभरापुरती. त्यापुढे दर अंशाला ‘०.१ × दिलेली अचूकता’ वाढवा, असं बऱ्याच पुस्तिकांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तुमचे १२ अंश जास्त, म्हणजे ०.०९ चे जवळजवळ ०.२ होतात. तिथे डिस्प्लेवरच्या दुसऱ्या दशांशावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरवर मीटर १८० व्होल्ट दाखवतो, पंखे मात्र फिरतात.

उत्तर : इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरीचा नसावा आणि मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे लहर कशीही असली तरी तिचं परिणामी मूल्य (आरएमएस) मोजणारा नसावा. साधा मीटर सरासरी मोजून ती १.११ ने गुणतो, आणि हे गणित फक्त साइन वेव्हला लागू. ३२५ व्होल्टचे चौकोनी ठोके निम्मा वेळ चालू असतील तर आरएमएस २३०, मीटर म्हणतो १८०. ही चूक ±(१% + ३) मध्ये धरलेलीच नसते. ट्रू आरएमएस मीटर लावून पाहा, मगच इन्व्हर्टर उघडा.

प्रश्न : ०.४ ओहमची वाइंडिंग (तारेची गुंडाळी) साध्या मीटरने मोजता येईल?

उत्तर : नाही. शेवटचा अंक ०.१ चा आणि ‘+५’ असेल तर नुसत्या काउंटचीच चूक ०.५ ओहम. रिलेटिव्ह बटण प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करतं, काउंट नाही. वाइंडिंगला झेपत असेल तर बेंच सप्लायवरून (करंट ठरवून देता येणाऱ्या टेबलावरच्या डीसी पुरवठ्यावरून) १ अँपिअर सोडा आणि वाइंडिंगच्याच टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. ४०० आले की ०.४ ओहम.