ब्रॉडवेवरचं ‘बुक’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, ‘फिडलर ऑन द रूफ’ या १९६४ च्या म्युझिकलच्या (संवाद आणि गाणी असलेल्या नाटकाच्या) श्रेयनामावलीत ‘बुक बाय जोसेफ स्टाइन’ असं छापलेलं असतं. मूळ कथा तर शोलेम अलैखेम यांच्या. मग स्टाइननं कुठलं पुस्तक लिहिलं? आणि या ‘बुक’ला मराठीत काय म्हणावं?

पुस्तक त्यानं कुठलंच लिहिलं नाही. ज्या कथा-कादंबरीवर म्युझिकल बेतलेलं असतं तिचा उल्लेख ‘बेस्ड ऑन’ म्हणून वेगळा येतो. ‘बुक’ म्हणजे म्युझिकलमधून गाण्यांचे शब्द आणि संगीत काढून घेतल्यावर जे उरतं ते: संवाद, प्रसंगांची बांधणी, पात्रांची ये-जा. गाणी लिहिणारा ‘लिरिसिस्ट’ वेगळा, चाली देणारा ‘कंपोझर’ वेगळा. ‘फिडलर’मध्ये गाणी शेल्डन हार्निकची आणि संगीत जेरी बॉकचं.

शब्द आला ऑपेरातून. इटालियनमध्ये ‘लिब्रेटो’ म्हणजे लहानसं पुस्तक. ऑपेराला येणारे लोक गायल्या जाणाऱ्या शब्दांची छापील चोपडी हातात धरून बसत, त्यावरून त्या शब्दांनाच लिब्रेटो म्हणायची पद्धत पडली. गंमत बघा, आपल्याकडे संगीत नाटकाच्या पदांची चोपडी विकली जायची ती पद्यावली. म्हणजे आपल्या चोपडीत फक्त पदं आणि ब्रॉडवेच्या ‘बुक’मध्ये पदं सोडून बाकी सगळं! इंग्रजीतही गोंधळ आहेच. ‘लिब्रेटो’ म्हटलं की कुणी संवाद आणि गाणी दोन्ही धरतं, कुणी नुसतं बुक.

‘बुक म्युझिकल’ हा शब्दप्रयोग पूर्वी मुख्यतः ‘रेव्ह्यू’च्या विरुद्ध वापरत. १९०७ पासून फ्लोरेन्झ झीगफेल्डनं ‘फॉलीज’ नावानं जे कार्यक्रम केले त्यात गाणी, नाच, विनोदी प्रवेश यांची माळ असे, गोष्ट नसे. गोष्ट आणि गाणी एकत्र गुंफल्याबद्दल नाट्यइतिहासात वेगळा मान आहे तो १९२७ च्या ‘शो बोट’ला. एडना फर्बरच्या कादंबरीवरून बुक आणि गाणी ऑस्कर हॅमरस्टाइन दुसरा यानं लिहिली, संगीत जेरोम कर्नचं. विशेष म्हणजे त्याचा निर्माता झीगफेल्डच होता. (त्यातल्या ‘बिल’ गाण्याचे मूळ शब्द पी. जी. वुडहाउसचे. त्याच्या जीव्ज-वूस्टरच्या विनोदी कथांचे भक्त आपल्याकडे पुष्कळ, पण हा माणूस ब्रॉडवेचा नावाजलेला गीतकार होता हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक असतं कोण जाणे.)

‘मग बुक म्हणजे नुसतं गद्य’ असं मात्र म्हणू नका. गद्य कुठे संपावं आणि गाणं कुठे सुरू व्हावं हे ठरवणं हेच बुक लिहिणाऱ्याचं खरं काम. १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’चं बुक आर्थर लॉरेंट्सचं, संगीत लेनर्ड बर्नस्टाइनचं, गाणी तरुण स्टीव्हन सॉन्डहाइमची. टोनी या नायकासाठी लॉरेंट्सनं एक स्वगतवजा भाषण लिहिलं होतं, काहीतरी चांगलं घडणार आहे अशा हुरहुरीचं. बर्नस्टाइन आणि सॉन्डहाइमनी ते सरळ उचललं आणि त्यातून ‘समथिंग्ज कमिंग’ हे गाणं केलं. लॉरेंट्सची त्याला आडकाठी नव्हती. नाटकाच्या शेवटच्या प्रसंगात मात्र उलट झालं. टोनीच्या मृतदेहापाशी हातात पिस्तूल घेतलेली मारिया जे बोलते, ते खरं तर गाण्यासाठी केलेलं कच्चं टिपण. बर्नस्टाइननं चाल लावायचा परत परत प्रयत्न केला, जमेना. शेवटी ते बोलायचं म्हणूनच राहिलं आणि आजही तसंच बोललं जातं. त्या जागी गाणं नाही हेच बरं झालं, असं माझं मत.

‘ओक्लाहोमा!’ (१९४३) मध्ये तर रंगसूचनाच गाणं झाली. लिन रिग्जच्या मूळ नाटकाच्या सुरुवातीला उन्हाळ्यातल्या सकाळचं लांबलचक वर्णन आहे. हॅमरस्टाइनला ते वाया घालवावंसं वाटेना, म्हणून त्यानं तेच पहिल्या गाण्यात घातलं. पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक बाई लोणी काढत बसलेली आणि नायकाचा आवाज पडद्यामागून. समूहनृत्यानं सुरुवात करायची तेव्हाची रीत हॅमरस्टाइन-रॉजर्स या जोडीनं सोडून दिली. यातही बुक आणि गाणी दोन्ही हॅमरस्टाइनचीच, संगीत रिचर्ड रॉजर्सचं.

ही तीन खाती वेगळी मोजण्याचे परिणामही मजेदार. ‘ऑफ दी आय सिंग’ला १९३२ मध्ये नाटकाचं पुलित्झर मिळालं. म्युझिकलला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. पारितोषिक बुक लिहिणाऱ्या जॉर्ज कॉफमन आणि मॉरी रिस्किंड यांना आणि गीतकार आयरा गर्शविनला. संगीतकार जॉर्ज गर्शविन, आयराचा सख्खा भाऊ, त्याला वगळलं, कारण बक्षीस लेखनाचं! आणि ‘कॅट्स’ न्यूयॉर्कला आल्यावर १९८३ मध्ये उत्कृष्ट बुकचं ‘टोनी’ (ब्रॉडवेवरच्या नाटकांसाठीचं पारितोषिक) कवी टी. एस. एलियटला देण्यात आलं. त्याला जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि त्यानं लिहिल्या होत्या मांजरांवरच्या कविता.

आता मराठी शब्दाचं. ‘संहिता’ सुचवतात, पण आपल्या संहितेत पदं गृहीतच असतात. त्याला कारण आहे. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून किर्लोस्कर, देवल, खाडिलकर हे सगळे आपली पदं आपणच लिहीत, तेव्हा पदं वगळून उरलेल्या भागाला नाव देण्याची गरजच पडली नाही. काम वाटून केल्याची उदाहरणं मात्र आहेत. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांचं, त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची. ‘हे बंध रेशमाचे’ रणजित देसाईंचं, पदं शांता शेळक्यांची, संगीत अभिषेकींचं. तिथे देसाईंना आपण सरळ नाटककार म्हणतो, ‘गद्य संहितालेखक’ वगैरे म्हणत नाही.

म्हणून श्रेयनामावलीत ‘बुक’साठी ‘नाट्यलेखन’ लिहावं, गाण्यांसाठी ‘पदे’ किंवा ‘गीते’. ‘कथा’ अजिबात नको, तो मान शोलेम अलैखेमचा. तांत्रिक चर्चेत मात्र, जिथे बुक आणि गाण्यांची सीमारेषाच बोलण्याचा विषय असेल, तिथे मी ‘बुक’ हाच शब्द ठेवीन. ‘पुस्तक’ लिहिलंत तर वाचक पुस्तकाच्या दुकानात शोधायला जाईल.