पाना-पकड : जुना ट्रान्सफर ठेवू की बदलू?

प्रश्न : माझी १९९८ ची जिप्सी किंग आहे, १.३ लिटर, कार्ब्युरेटरवाली. २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ टायर घालायचे आहेत. देवास नाक्यावरचे मिस्त्री म्हणतात की मोठ्या टायरवर गाडी ओढणार नाही, त्यापेक्षा जुन्या ४१० (एक लिटरवाल्या) जिप्सीचा ट्रान्सफर, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा डबा, टाका. सध्याच्या डब्यातून घूं घूं आवाज येतो आणि क्लच सोडताना ठक् होतं. लोहामंडीत एक डबा मिळतो आहे. घ्यावा का? आरसीवर नोंद करावी लागेल का?
(राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : तुमचे इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. एक गिअरच्या गुणोत्तराचा, दुसरा आवाजाचा. आवाजासाठी डबा बदलणार असाल तर आधी थांबा.

गुणोत्तराचं गणित सोपं आहे. ४१० च्या ट्रान्सफरची हाय (नेहमीची) १.५८० आणि लो (जास्त ओढीची) २.५११. तुमच्या १.३ च्या डब्याची हाय १.४०९ आणि लो २.२६८. म्हणजे ४१० चा डबा हायमध्ये साधारण १२ टक्के आणि लोमध्ये ११ टक्के जास्त जोर देतो. आता टायर. २०५/७० चा व्यास ६६८ मिमी, २३५/७५ चा सुमारे ७३४ मिमी, जवळपास १० टक्के मोठा. मोठा टायर जितकी ओढ खातो तितकी, किंबहुना थोडी जास्तच, ४१० चा डबा परत देतो. आज ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं, तिथे दोन्ही बदल केल्यावर ते साधारण ३०६० घेईल. फक्त डबा बदलून टायर जुनेच ठेवले तर हाच आकडा ३३६० च्या घरात जातो. मग हायवेवर इंजिन ओरडतं आणि पेट्रोल पितं. तेव्हा टायर नक्की घालणार असाल तर मिस्त्रींचा सल्ला बरोबर आहे. टायरचा बेत नुसताच मनात असेल तर आहे तो डबा राहू द्या.

स्पीडोमीटरबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. त्याची केबल ट्रान्सफरच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरून निघते, म्हणून ट्रान्सफरच्या आतलं गुणोत्तर बदललं तरी काटा खोटं बोलत नाही. तो खोटं बोलतो टायरमुळे : काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी सुमारे ६६ ने पळत असेल. शिवाय ४१० आणि ४१३ (तुमची १.३ ची मालिका) चे अ‍ॅक्सल सारखे नाहीत, त्यामुळे स्पीडोची छोटी गिअर तुमच्या जुन्या डब्यातली काढून नव्यात बसते का ते पाहा.

आता आवाज. जिप्सीच्या ट्रान्सफरमध्ये सरळ मार्ग नाहीच. टू-व्हील हायमध्येसुद्धा ताकद आत येणाऱ्या शाफ्टवरून काउंटर गिअरवर आणि तिथून बाहेरच्या शाफ्टवर, अशी दोन जोड्यांतून जाते. थोडी घूं घूं जन्मजात आहे. ती वाढली आहे का, हे असं तपासा. सपाट जागी चाकांना दगड लावा, ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलमध्ये घ्या, इंजिन सुरू करून गिअर दुसऱ्यात टाका आणि क्लच सोडा. गाडी हलणार नाही. आवाज इथेच आला तर दोष गिअरबॉक्समध्ये, दोघांमधल्या छोट्या शाफ्टच्या क्रॉसमध्ये (वळत्या सांध्यात) किंवा ट्रान्सफरच्या आत येणाऱ्या व काउंटर शाफ्टच्या बेअरिंगमध्ये आहे. इंजिन बंद करून तो छोटा शाफ्ट सोडवा आणि गिअरबॉक्स एकटाच फिरवून ऐका, चोर सापडतो. उभ्या गाडीत आवाज नाही आणि चालल्यावरच येतो, तर बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग, मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफरपासून अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा) किंवा डिफरेंशियल (अ‍ॅक्सलमधला, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) बघा.

ठक् बहुतेक वेळा डब्याची नसतेच. जिप्सीचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो चासीवर तीन रबरी फाउंडेशनवर वेगळा टांगलेला असतो. रबर फाटलं की क्लच सोडताच डबा पिळतो, छोटा शाफ्ट तिरका होतो, क्रॉस झिजतो आणि लिव्हर फ्लोअरच्या भोकाला आपटतो. इंजिन बंद ठेवून डब्याखाली टॉमी (लोखंडी दांडा) लावा आणि उचकून पाहा. रबर आणि लोखंड यांत फट उघडली तर तिन्ही फाउंडेशन एकदम बदला. एकच बदललं तर नवं रबर एकटंच भार सोसतं आणि आधी फाटतं.

इतकं करूनही बदलायचं ठरलं तर लोहामंडीतला डबा असा तपासा. विकणारा ४१० म्हणतो म्हणून तो ४१० होत नाही. लिव्हर हायमध्ये ठेवा, दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकत्यांवर) खडूची रेघ ओढा आणि आत जाणारी बाजू हाताने फिरवा. बाहेरची बाजू १० फेरे पूर्ण करेपर्यंत आतली पावणेसोळा ते सोळा फिरली तर ४१०, चौदा फिरली तर १.३ चा. लोमध्ये हेच २५ आणि पावणेतेवीस. मग ड्रेन प्लग उघडून बोट घाला. राखाडी चिखल चालतो, पण दाताचे तुकडे निघाले तर उठून या. फ्लँज वर-खाली हलवून ढिलाई पाहा, फाउंडेशन बसतात त्या कानांना तडा गेला आहे का ते पाहा. जुन्या ४१० मालिकेतल्या काही डब्यांवर मागच्या फ्लँजपाशी हँडब्रेकचा ड्रम असतो, तसला घेऊ नका. तुमच्या प्रोपेलर शाफ्टची फ्लँज सोबत नेऊन भोकांवर भोक ठेवून बघितलेलं उत्तम. भोकं जुळत नसतील तर फ्लँज बदलाव्या लागतात, आणि हे डबा गाडीखाली उचलल्यावर कळणं फार महाग पडतं.

उतरवताना तिन्ही शाफ्टच्या फ्लँजवर रंगाची खूण करा, नाहीतर परत बसवताना जोड फिरतो आणि थरथर सुरू होते. ऑइल काढा, स्पीडो केबल, फोर-व्हीलच्या दिव्याची वायर आणि ब्रीदर पाइप (डब्याला हवा घेऊ देणारी नळी) सोडवा, लिव्हर काढा, डब्याखाली जॅक घ्या आणि मगच फाउंडेशनचे बोल्ट काढा. बसवताना क्रम उलट, पण फाउंडेशनचे बोल्ट आधी सैल ठेवा, शाफ्ट जोडा, डबा आपल्या जागी बसला की शेवटी कसा. ऑइल सील नवेच घाला. ८० डब्ल्यू ९० गिअर ऑइल साधारण ०.८ लिटर जातं. भरायच्या भोकातून निथळू लागलं की पुरे. ५०० किलोमीटरनंतर ते एकदा बदला.

आरसीवर चासी आणि इंजिनाचा क्रमांक असतो, ट्रान्सफरचा नाही. इंजिनच दुसऱ्या जातीचं टाकायचं असेल तर गोष्ट निराळी, त्याला आरटीओची परवानगी लागते.

प्रश्न : महिंद्राची जुनी सीजे मालिकेतली जीप आहे, दोन छोट्या लिव्हरची. चढावर लोमधून लिव्हर सुटते, हँडब्रेकही धरत नाही. गॅरेजवाला म्हणतो, हे जुनं काढा, नव्या गाडीचा चेनवाला ट्रान्सफर बसवू.
(महू)

उत्तर : काढू नका. या जीपचा मागचा डिफरेंशियल मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असतो, कारण ट्रान्सफरचा मागचा शाफ्ट त्याच बाजूने निघतो. मधोमध शाफ्ट काढणारा डबा घातलात की मागचा अ‍ॅक्सल, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस मेंबर, सगळंच बदलत जाईल. शंभराच्या दुरुस्तीला हजाराचा खर्च.

लिव्हर सुटण्याची कारणं घरातच आहेत. बाहेरच्या शाफ्टवर टेपर बेअरिंग असतात आणि त्यांची आडवी ढिलाई मागच्या टोपीखालच्या शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) जमवतात. ती ०.१० ते ०.२० मिमी हवी. डायल गेज लावून मोजा, नुसत्या हाताच्या अंदाजावर नको. शाफ्ट पुढे-मागे सरकायला लागला की गिअर अर्धवट गुंततो आणि जोर आला की निसटतो. ढिलाई बरोबर असेल तर सरकत्या गिअरच्या दातांची टोकं बघा. ती निमुळती झाली असतील तर ती गिअर आणि फोर्क बदलण्यावाचून गत्यंतर नाही. खालचं पॅन उघडलंच आहे तर मधल्या शाफ्टवर सुयांच्या बेअरिंगची खोल खूण पडली आहे का तेही पाहून घ्या. पडली असेल तर शाफ्ट, सुया आणि थ्रस्ट वॉशर एकत्र बदला.

हँडब्रेक धरत नाही यामागेही हाच डबा असावा. या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्या मागच्या टोकाला असतो. मागचा सील गळला की ऑइल थेट लायनिंगवर जातं. सील बदलून जुनं लायनिंग पेट्रोलने पुसणारे मिस्त्री आहेत. लायनिंग ऑइल पिऊन बसलेलं असतं, ते बदलाच. आणि लक्षात ठेवा, प्रोपेलर शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढला तरी चाकं मोकळीच. गाडीखाली जाण्याआधी दगड लावा.

पुढच्या अ‍ॅक्सलची लिव्हर गुंतवल्याशिवाय लो लागत नाही ही तक्रार करू नका, तो दोष नाही. लोचा सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर पडू नये म्हणून आत तशी अडवणूक ठेवली आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरमधलं ऑइल एकमेकांत झिरपतं, म्हणून दोन्हींची पातळी एकाच दिवशी बघा. जीएल-४ दर्जाचं ऑइल घाला, गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना तेच मानवतं.

प्रश्न : फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर) रिंग रोडवर वळताना गाडी अडखळते, टायर कुरकुरतात आणि नंतर टू-हायमध्ये लिव्हर येतच नाही. ट्रान्सफर गेला का?
(विजयनगर, इंदूर)

उत्तर : नाही गेला. तुमच्या ट्रान्सफरमध्ये पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरेंशियल नाही, दोघे एकाच वेगाने फिरायला बांधलेले. वळणावर पुढची चाकं मोठा फेरा मारतात, डांबरावर घसरायला जागा मिळत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. लिव्हर त्याच पिळाने अडकते. सरळ रेषेत पाच-सात मीटर मागे घ्या, सुटेल. मालव्याच्या काळ्या मातीत पाऊस पडला की फोर-हाय जरूर लावा, तेही चिखलात शिरण्याआधी. कोरड्या रस्त्यावर मात्र नको. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हाच त्रास होतो.

प्रश्न : चोरलकडे नाला पार केला, आता ट्रान्सफरचं ऑइल ताकासारखं दिसतं.
(देवास)

उत्तर : पाणी गेलं आहे. गरम डबा गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून श्वास ओढते. ब्रीदर मातीने बुजला असेल तर सीलच्या कडेतून ओढते. आजच ऑइल काढा, स्वस्तातलं गिअर ऑइल भरून पाच किलोमीटर सावकाश चालवा, तेही काढा आणि मग चांगलं भरा. डिझेल भरून गाडी चालवू नका, बेअरिंग कोरडी पडतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंच बांधा. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरेंशियलचं ऑइलही त्याच दिवशी तपासा, पाणी एकट्या ट्रान्सफरमध्ये शिरून थांबलेलं क्वचितच दिसतं.