ओढा खोल केला आणि विहिरी आटल्या, असं कसं?

प्रश्न: आमचा ओढा दोन गावांच्या शिवेवरून वाहतो. तीन वर्षांपूर्वी पोकलेन लावून पुरुषभर खोल केला, पावसाळ्यात तुडुंब भरतो, लोक फोटो काढतात, पण पूर्वी होळीपर्यंत टिकणारी धार आता संक्रांतीलाच बंद आणि काठच्या विहिरीही लवकर तळ गाठतात. आमचे लोक म्हणतात वरच्या गावाने बंधारा घालून पाणी अडवलं. भांडण ग्रामसभेत गेलंय. चूक कुणाची?

उत्तर: वरच्यांना शिव्या घालायच्या आधी दिवाळीनंतर एकदा ओढ्यात उतरा आणि खणलेली कड नीट बघा. वर माती, मग मुरूम, खाली काळा खडक असं दिसेल. मुरूम संपून खडक सुरू होतो तिथे ओला पट्टा असेल, बोट लावल्यावर पाणी निथळत असेल, तर ते तुमच्या विहिरींच्या झऱ्यांचंच पाणी आहे. पाऊस थांबल्यावर ओढा चालतो तो याच मुरमातल्या पाझरावर, आणि तुम्ही तळ खाली नेलात म्हणजे टाकीला खालून तोटी बसवलीत, मग ती लवकर रिकामी होणारच ना.

खोलीकरणाचं नाव झालं ते धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या कामांमुळे, पण तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, तिथे खणून पाणी मुरवण्यात अर्थ होता. डिसेंबर २०१४ मध्ये राज्य सरकारची जलयुक्त शिवार योजना आल्यावर खडकाळ भागातसुद्धा सरसकट मशिनं फिरली, खाली काय आहे ते न बघता. माझ्या मते घोळ तिथेच झाला.

आता आणखी खणू नका. पाऊस ओसरून धार बारीक व्हायला लागली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून खणलेल्या भागात थोड्या थोड्या अंतरावर वनराई बंधारे घाला, ओढ्यातलं पाणी उंच राहिलं की विहिरीतलं तिकडे उतरणं कमी होतं.

आणि वरचा बंधारा? तो श्रावणातच भरून सांडव्यावरून वाहत असेल तर पुढच्या पावसाचं पाणी तुमच्याकडेच येतंय, उलट त्याचा पाझरही तुम्हालाच मिळत असेल. ते बघायला एकटे जाऊ नका, वरच्या गावातल्या दोघातिघांना सोबत घ्या, आणि दोन्ही गावांच्या चार-चार विहिरींत दर महिन्याला दोरी सोडून पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहा, ग्रामसभेत आवाजापेक्षा ती वही जास्त चालते.