ये श्येनची गोष्ट नव्याने लिहिताना

सिंड्रेलाच्या धर्तीवर चिनी प्रेमकथा लिहायची असेल तर काचेचा बूट आणि बाराचे ठोके आधी काढा. नवव्या शतकात तुआन छंगशृ या चिनी लेखकाने नोंदवलेली ये श्येन या मुलीची कथा पायाला घ्या. तिथे परी नाही. सावत्र आईने मारून खाल्लेला मासा आहे आणि त्याची हाडं मागाल ते देतात. बोटाएवढा मासा दहा फुटांवर जातो. ही वाढ दोन-तीन प्रसंगांत दाखवा, नाहीतर त्याचं मरण वाचकाला लागत नाही.

खरी गोम राजाची. मुळात तो हरवलेल्या सोन्याच्या बुटाच्या मालकिणीसाठी लोकांना कोंडून छळतो, लग्नानंतर वर्षभर हाडांकडे रत्नं मागत सुटतो, आणि शेवटी हाडं गप्प होतात. नवे लेखक हे झाकतात. नायक मग अगदीच गुळमुळीत होतो. ती हावच उत्तरार्धातला संघर्ष करा. फक्त राजाला पहिल्या एक तृतीयांशातच, जत्रेत, ये श्येनसमोर आणा. बूट सापडेपर्यंत थांबलात तर प्रेम फुलायला पानंच उरत नाहीत.

काळ छिन आणि हान राजवटींपूर्वीचा. म्हणजे चिठ्ठ्या बांबूच्या पट्ट्यांवर, आणि जेवणात मिरची नाही!