आजोबांनी खरंच स्पुटनिक बघितला का?

प्रश्न : आमचे आजोबा सांगतात की ५७ सालच्या थंडीत पहाटे शेतावर असताना त्यांनी नुसत्या डोळ्यांनी रशियाचा स्पुटनिक उपग्रह जाताना बघितला, घरातले सगळे म्हणतात थापा आहेत. एवढासा गोळा खरंच दिसू शकतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आजोबांना थापाडे म्हणू नका हो, त्यांनी काहीतरी नक्की बघितलं असणार, फक्त तो स्पुटनिकचा गोळा नसावा. पहिला स्पुटनिक रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ ला सोडला, वजन ८३.६ किलो आणि व्यास फक्त ५८ सेंटीमीटर, आता एवढी वस्तू काहीशे किलोमीटरवरून, तीही सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटरच्या वेगाने पळताना, म्हणजे अगदी काळोख्या आकाशात तीक्ष्ण नजरेच्या माणसालाही जेमतेम दिसली तर दिसली. पण त्याच्याबरोबर रॉकेटचा मधला मोठा भागही कक्षेत गेला होता, त्याची लांबी २५ मीटरच्या वर, आणि तो चांगल्या ठळक ताऱ्यासारखा दिसायचा. जगभर लोकांनी माना वर करून 'तो बघा स्पुटनिक' म्हणून जे बघितलं ते बहुतेक हेच रिकामं रॉकेट, आणि खरं सांगायचं तर यात लोकांचं काहीच चुकलं नाही, पेपरवाले तरी कुठे एवढा फरक करत होते!

पहाटेची वेळ मात्र आजोबांच्या बाजूने आहे. खाली अंधार असतो पण तेवढ्या उंचीवर ऊन पोचलेलं असतं, म्हणून अशा वस्तू पहाटे नाहीतर दिवेलागणीला दिसतात, ऐन मध्यरात्री सहसा नाही.

आता थंडी म्हणजे नक्की कधी? कारण ते रॉकेट १ डिसेंबरलाच खाली येऊन जळालं. त्यानंतरचं असेल तर तो दुसरा स्पुटनिक, लायका कुत्रीवाला, ३ नोव्हेंबरला सोडलेला. तो रॉकेटपासून सुटा केलाच नव्हता, त्यामुळे तोही ठळक दिसायचा, आणि एप्रिल १९५८ पर्यंत फिरत होता. (लायका बिचारी काही तासांतच उकाड्याने गेली, हे बाहेर आलं थेट २००२ मध्ये.)

आणि आजोबा जर म्हणत असतील की डिसेंबरात रेडिओवर थेट बीप-बीपपण ऐकलं, तर तिथे मात्र घरच्यांचं बरोबर, कारण पहिल्याची बॅटरी ऑक्टोबरातच संपली होती. त्यांना एवढंच विचारा, तो ठिपका एकसारखा चमकत होता की मध्येच मंद होऊन परत उजळत होता? मंद-ठळक होत असेल तर ते गटांगळ्या खाणारं रॉकेटच, आणि लाल-हिरवे दिवे आठवत असतील तर विमान.