टोलच्या थकबाकीवरून गोळी कशी सुटते?

प्रश्न : माझा मुलगा टेक्ससमध्ये शिकतो. पोलिसांनी गाडी थांबवली तर त्याने काय करावं? (एक आई, कोल्हापूर)

ताई, आधी आपली एक सवय मोडायला सांगा. आपल्याकडे हवालदाराने हात केला की आपण गाडी कडेला लावतो, उतरतो आणि कागद घेऊन साहेबांकडे जातो. अमेरिकेत असं चालत येणारा माणूस पोलिसाला धोका वाटतो. गाडीतच बसायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, रात्री आतला दिवा लावायचा. लायसन्स काढण्याआधी ‘खिशात हात घालतोय’ असं सांगायचं. उतरायला सांगितलं तर उतरायचं. तसं सांगण्याचा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली पोलिसांना दिला आहे. दंड पटला नाही तर भांडण कोर्टात, रस्त्यावर नाही.

पण एवढं पाळलं की काहीच होणार नाही, अशी खात्री मी देणार नाही. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या शाळेच्या भोजनगृहात काम करणाऱ्या तरुणाने, आपल्याजवळ पिस्तूल आहे हे स्वतःहून, शांतपणे सांगितलं. पिस्तुलाचा परवाना त्याच्याकडे होता. काही क्षणांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत मागे चार वर्षांची मुलगी होती. ज्यूरीने पोलिसाला निर्दोष सोडलं.

प्रश्न : व्हिडिओ असूनही पोलीस सुटतात कसे? (ठाणे)

कारण कायद्याचा प्रश्नच वेगळा आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या ‘ग्रॅहम’ निकालानुसार, त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाला काय वाटलं असतं, एवढंच पाहायचं. नंतर निवांत बसून काढलेली चूक धरायची नाही. भरपाईच्या दाव्यात ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ आडवी येते: पोलिसाने मोडलेला हक्क आधीच्या निकालांनी स्पष्ट ठरलेला नसेल, तर पोलिसाकडून पैसे मिळत नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं. पहिल्यांदा घडलेल्या अत्याचाराला आधीचा निकाल आणायचा कुठून?

प्रश्न : अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालाने काही बदललं का? (न्यू जर्सी)

हो, आणि मोलाचं बदललं. २०१६ मध्ये ह्यूस्टनजवळ अ‍ॅश्टियन बार्न्सची भाड्याची गाडी टोल थकल्यावरून अडवली गेली. गाडी हलू लागताच पोलीस दाराच्या पायरीवर चढला आणि त्याने आत दोन गोळ्या झाडल्या. गाडी हलल्यापासून थांबेपर्यंत जेमतेम पाच सेकंद. खालच्या न्यायालयांनी गोळीआधीचे दोनच सेकंद पाहिले: पोलीस चालत्या गाडीला लटकलेला, म्हणजे जीव धोक्यात, म्हणजे गोळी योग्य. पण लटकायला त्याला कोणी सांगितलं होतं? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की घटना सुरुवातीपासून पाहा; गाडी कशासाठी थांबवली, तेही पाहा. मात्र पोलिसाने धोका स्वतःच ओढवून घेतला तर काय, हा प्रश्न न्यायालयाने मोकळा ठेवला. माझ्या मते खरी लढाई तिथेच आहे.

प्रश्न : भारतात असं झालं तर? (पुणे)

झालंय. सप्टेंबर २०१८ मध्ये लखनऊत रात्री गाडीतून जाणाऱ्या एका कंपनी अधिकाऱ्याला कॉन्स्टेबलने गोळी घातली. आपला कायदा शब्दांत अमेरिकेपेक्षा कडक आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्याच्या आरोपीला अटक करताना जीव घेण्याचा हक्क पोलिसांना नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३). शिवाय चकमकीतल्या मृत्यूंबाबत ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र’ (पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना) हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे: एफआयआर, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास, दंडाधिकारी चौकशी. हे पाळलं गेलं नाही तर कुटुंबाला थेट सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते.